वळवट, आता हौसेनं

चैत्र लागला की नायगाव, बिलोली, देगलूरकडच्या अंगणांत अजूनही बाजा पडतात. त्यांवर धुतलेली धोतरं अंथरून पापड, कुरडया, शेवया वाळत घालतात. पण शेवया आता बहुधा विजेच्या मशीनवरून येतात. रवा नेऊन द्यायचा, करणावळ मोजायची आणि संध्याकाळी डबा भरून आणायचा. यात वाईट काही नाही. फक्त या सोयीत हातानं करायचे बारीक प्रकार मागे पडले. त्यांना मिळून आपण वळवट म्हणतो. आज बोलायचं आहे ते त्यांच्याबद्दल.

शहरांत हल्ली घरी पास्ता करायची हौस वाढली आहे. सुट्टीच्या दिवशी पीठ मळायचं, लाटायचं, कापायचं, आकार द्यायचे. त्या मंडळींनी आपली वळवट एकदा पाहावी. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कणकेचा धागा वळून तोडला की गव्हाच्या दाण्याएवढा गव्हला होतो. नखानं दाबली की नखुली. नव्या फणीच्या दात्यांवर गोळी दाबून सरकवली की रेघारेघांची फणुली. काडीवर पट्टी गुंडाळून सरगुंडे करतात. ते वाफवून आमरसाबरोबर खायचे.

इटलीच्या रोमान्या भागात गार्गानेल्ली नावाचा पास्ता फणीवरच वळतात. दक्षिणेकडच्या बारी शहरातल्या एका जुन्या गल्लीत बायका दारात टेबल मांडून अंगठ्यानं कानाच्या आकाराचे ओरेकिएत्ते वळत बसतात. कुणी कुणाचं पाहून केलेलं नाही. रवा, पाणी आणि बोटं एवढंच हाताशी असलं की दोन्हीकडे युक्त्या सारख्याच सुचतात.

गहूसुद्धा एकाच जातकुळीचा. इटलीत १९६७ साली कायदा झाला, की सुका पास्ता ड्यूरम गव्हाच्या रव्याचाच हवा. ड्यूरम म्हणजे आपला बन्सी. दाणा कडक, पिवळसर, रवाळ. कोरडवाहू रानात, जमिनीतल्या ओलीवर येणारा. पाटाचं पाणी आलं, पोळीसाठी लोकवन पसंत पडला आणि बन्सी मागे सरला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं कोरडवाहू शेतीसाठी एमएसीएस ४०२८ ही बन्सीची जात काढली आहे. तिच्यात प्रथिनं १४.७ टक्के आहेत. प्रथिनं चांगली असली की कणकेला तार येते आणि शिजल्यावर शेवईचा गोळा होत नाही.

करून पाहायचं असेल तर गव्हल्यांपासून सुरुवात करा. बारीक रवा, चवीला मीठ, लागेल तसं पाणी. कणीक घट्ट भिजवा, ओल्या फडक्याखाली तासभर ठेवा, मग तुपाच्या हातानं चांगली तिंबा. वळलेले गव्हले सावलीत वाळवा. वैशाखाच्या उन्हात वरचा भाग आधी सुकतो, आतला ओला राहतो आणि दाणा तडकतो. गव्हले तुपावर परतून दुधात शिजवले की खीर होते. नखुल्या मात्र मिठाच्या उकळत्या पाण्यात शिजवून निथळा आणि करडईच्या तेलात लसूण-लाल मिरचीच्या फोडणीवर घाला. नेपल्सकडेही तेल, लसूण, मिरची एवढ्यावरच शेवयांचा बेत होतो. तेल तेवढं तिकडे ऑलिव्हचं.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वळवटीच्या आठवणी काढताना आपण फार हळवे होतो. ज्यांनी ती वळली त्यांना कुणी विचारलं नव्हतं. घरचं सगळं आवरून, पाठ धरेपर्यंत बायका दुपारभर वळत बसत. लग्नात रुखवतावर गव्हल्या-नखुल्यांची ताटं मांडली जात आणि त्यावरून पोरीचे हात जोखले जात. दाणे बारीक नसले तर बोलणी तिच्या आईला बसत. त्या दुपारी गप्पा होत्या, ओव्या होत्या, आणि सक्तीही होती. मशीन आल्यावर बायकांनी सुटकेचा श्वास टाकला असेल, तर तो रास्तच होता.

म्हणूनच मला आजचा काळ वळवटीला अनुकूल वाटतो. सक्ती गेली. आता जो बसेल तो मनानं बसेल. मग एकट्या सुनेनंच का बसावं? सासरे बसू द्या, सुट्टीला आलेली नातवंडं बसू द्या. पुरुषांची बोटं जाड असतात हे कारण चालणार नाही. जाड बोटांना नखुल्या झकास जमतात. आणि हे शिकवू शकणाऱ्या आज्या अजून गावोगाव आहेत. त्यांना या उन्हाळ्यात कामाला लावू नका. त्यांना खुर्ची द्या, चहा द्या, आणि काम तुम्ही करा. चुकेल तिथे त्या बोलतीलच.