पहिला डीएसएलआर घेताना

बेंगळुरूहून बोलतोय. बाहेर पाऊस आहे, त्यामुळे मधूनमधून पत्र्याचा आवाज येईल, तेवढं सांभाळून घ्या.

आधीच सांगतो, मी फोटोग्राफर नाही. बत्तीस वर्षं लष्करात काढली, तीही आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये. म्हणजे रेशन, पेट्रोल, गाड्या. कुठल्या तुकडीला काय लागणार, किती लागणार, कधी लागणार, हे ठरवायचं आणि ते वेळेवर पोचवायचं, हा आमचा धंदा. असा माणूस स्वतःच्या पैशांनी पहिला कॅमेरा घ्यायला गेला आणि चुकला. का चुकला, हे आज सांगणार आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पत्रं पाठवून विचारलंय, ‘सर, पन्नास हजारांच्या आत कुठला कॅमेरा घेऊ?’ त्याचं उत्तर यातच येईल.

आमच्या घरी वडिलांचा आग्फा क्लिक थ्री होता. १२०ची फिल्म, एका रोलमध्ये बारा फोटो. बारसं, मुंज आणि गणपती मिळून बारा. त्यामुळे कॅमेरा या वस्तूचं आकर्षण जुनं, पण नोकरीत कधी जमलं नाही. निवृत्तीनंतर मुलीच्या नोकरीमुळे बेंगळुरूला आलो आणि २०१८ साली कॅनन १५००डी घेतला. त्या वर्षी नवीनच आला होता. दुकानदाराने दोन झूम लेन्सचा संच दाखवला, एक १८ ते ५५ मिलिमीटर आणि दुसरी ५५ ते २५०. वर बॅग, मेमरी कार्ड, एक हलका ट्रायपॉड. ‘सर, यात सगळं आलं, परत काही घ्यायला नको.’ मी खूश. बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांना विचारत आलो होतो की काम काय आहे ते आधी सांगा. स्वतःला मात्र तो प्रश्न विचारला नाही.

माझं काम काय होतं? ते मला तेव्हाही माहीत होतं, पण दुकानात आठवलं नाही. बेळगावात, शहापूरला आमचं जुनं कौलारू घर आहे. आई तिथे थोरल्या भावाकडे असायची, वय अठ्ठ्याऐंशी. घर विकायचं भावाभावांत ठरत आलं होतं. ते जाण्याआधी घराचे आणि आईचे चांगले फोटो काढायचे, एवढ्यासाठीच मला कॅमेरा हवा होता.

त्या दिवाळीत रात्रीच्या गाडीने बेळगावला गेलो. आईचा दिवस स्वयंपाकघरात जायचा. हात थरथरायचे, पण करंज्यांना मुरड तीच घालणार, सुनांना हात लावू द्यायची नाही. आमचं स्वयंपाकघर म्हणजे परसाकडे उघडणारी एक खिडकी आणि कौलांत बसवलेली एक काच. तेवढाच उजेड. फ्लॅश लावला तर आईचा चेहरा पांढराफटक आणि मागे काळोख. फ्लॅश बंद केला तर भिंत, चूल, डबे सगळं स्वच्छ, आणि आईचे हात म्हणजे नुसता धूर. सत्तर-ऐंशी फोटो काढले. आई म्हणाली, ‘अरे, किती वेळ ते डोळ्याला लावून बसतोस, खा आधी.’ मी म्हटलं, पुढच्या वेळी अभ्यास करून येतो.

पुढच्या मार्चमध्ये आई गेली.

आता हे का झालं, ते नीट समजून घेऊ, कारण पहिला कॅमेरा निवडताना सगळं इथेच अडतं. लेन्समध्ये उजेड आत घेणारं एक छिद्र असतं, त्याला अ‍ॅपर्चर म्हणतात. त्याचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं. संचात मिळणारी १८-५५ लेन्स ५५ला नेली की तिचं सर्वांत मोठं छिद्र एफ ५.६. साधी, झूम नसलेली ५० मिलिमीटरची लेन्स मिळते, तिचं एफ १.८. ५.६ भागिले १.८, त्याचा वर्ग, म्हणजे जवळजवळ दहा. दहापट उजेड! माझ्या संचाच्या लेन्सला जिथे एक अष्टमांश सेकंद शटर उघडं ठेवावं लागत होतं, तिथे या लेन्सला सेकंदाचा ऐंशीवा भाग पुरला असता. एक अष्टमांश सेकंदात करंजी मुरडणारी बोटं कुठच्या कुठे जातात. लेन्समध्ये इमेज स्टॅबिलायझर होता ना, असं कुणी विचारेल. होता. तो माझा हात स्थिर करतो, आईचा नाही. म्हणूनच भिंत स्वच्छ आली होती.

हे मला लालबागेत कळलं. जानेवारीच्या पुष्पप्रदर्शनात, ग्लास हाउसच्या गर्दीत, एक वयस्कर कन्नड गृहस्थ भेटले. माझी कुरकुर ऐकून त्यांनी आपली ५०ची लेन्स काढून माझ्या कॅमेऱ्याला लावली. लेन्स केवढी, तर लिंबाएवढी. तिची किंमत माझ्या त्या दुसऱ्या झूम लेन्सपेक्षा कमी होती.

मात्र, ‘५०ची घ्या’ असंही मी सरसकट सांगणार नाही. स्वस्त डीएसएलआरमधला सेन्सर जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मपेक्षा लहान असतो, त्यामुळे दृश्य कापलं जातं. कॅननमध्ये ५०ची लेन्स ८०सारखी वागते, निकॉनमध्ये ७५सारखी. एका माणसाच्या चेहऱ्याला उत्तम. पण आमच्या शहापूरच्या स्वयंपाकघरात ती लावली असती तर मला परसात जाऊन उभं राहावं लागलं असतं. घरातले फोटो काढायचे असतील तर निकॉनची ३५ मिलिमीटर एफ १.८ किंवा कॅननची चपटी २४ मिलिमीटर एफ २.८ बघा. दुसरी उजेडाला थोडी कमी, पण खोली मावते.

आणि तुमचं काम पक्षी असेल तर हे सगळं उलटं. श्रीरंगपट्टणजवळच्या रंगनाथिट्टूला गेलात तर चित्रबलाक नावेपासून जवळ दिसतात, तरी २५० किंवा ३०० लागतेच. नाव हलते, पक्षी हलतो, तेव्हा सेकंदाच्या पाचशेव्या भागाखाली जाऊ नका. पण तिथे भर उन्हात उजेड भरपूर, म्हणून ५.६चं छिद्रही चालून जातं. माझी ती ५५-२५० लेन्स तिथे मी आजही वापरतो. लेन्स वाईट नव्हतीच.

बेंगळुरू तर या छंदाचं जुनं ठाणं. टी. एन. ए. पेरुमाळ इथले. सांडूरच्या मराठा संस्थानच्या घराण्यातले एम. वाय. घोरपडे कर्नाटकाचे अर्थमंत्री होते आणि नावाजलेले वन्यजीव छायाचित्रकारही. या मंडळींनी फिल्मवर काम केलं, एक एक फोटो मोजून. यूथ फोटोग्राफिक सोसायटी इथे १९७१पासून आहे. तुमच्या गावात, इंदूर असो, बडोदा असो की हैदराबाद, असा एखादा क्लब असेल तर पैसे खर्च करण्याआधी दोन महिने तिथे जाऊन बसा. लोक आपला कॅमेरा हातात देतात. दुकानदार दहा मिनिटंच देतो, आणि तेवढ्यात मेगापिक्सेलवरच बोलतो. मेगापिक्सेलचं सांगायचं तर, ए-फोर आकाराचा उत्तम प्रिंट काढायला नऊदेखील पुरतात. २४ आणि १८ यांत डोकं शिणवू नका.

आता बॉडी. नवीन घेणार असाल तर एक गोष्ट माहीत असू द्या. कंपन्यांचं लक्ष आता आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांकडे गेलंय. निकॉनने डी३५०० आणि डी५६०० बंद केले. काही जण म्हणतात, मग डीएसएलआर घ्यायचाच कशाला? मला याच्या उलट वाटतं. लोक जुने विकून नवे घेतायत, त्यामुळे चांगले डीएसएलआर आणि लेन्स सेकंडहँड स्वस्तात मिळतायत. शिकणाऱ्या माणसासाठी याहून चांगली वेळ नाही. शिवाय कॅननच्या डीएसएलआरची लेन्स पुढे त्यांच्या मिररलेसवर अडॅप्टर लावून चालते.

निकॉनमध्ये एक खाचखळगा आहे. डी३००० आणि डी५००० या मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. जुनी ५०ची ‘एएफ-डी’ लेन्स स्वस्त दिसली म्हणून घेतलीत तर फोकस हाताने करावा लागेल. ‘एएफ-एस’ लिहिलेलं बघून घ्या, किंवा बॉडीच डी७००० मालिकेतली घ्या. तिच्यात मोटर आहे, आणि व्ह्यूफाइंडर काचेच्या लोलकाचा, मोठा आणि उजळ. चाळिशीनंतर त्या उजळपणाची किंमत कळते.

डोळ्यांचा विषय निघालाच आहे तर. व्ह्यूफाइंडरच्या बाजूला एक छोटं चाक असतं, त्याने तुमच्या चष्म्याचा नंबर जुळवता येतो. दुर्बिणीला असतं तसंच. कॅननच्या सगळ्यात स्वस्त ३०००डीमध्ये हे चाक नाही. लेन्स बसवायची कडीही प्लास्टिकची. तरुण मुलाला चालेल, पण माझ्या वयाच्या माणसाने दोन-चार हजार वाचवायला तो घेऊ नये.

सेकंडहँड घेताना शटर किती वेळा उघडलंय ते विचारा. निकॉनमध्ये तो आकडा फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो. कॅननमध्ये काढणं जरा कटकटीचं. लेन्समधून मोबाइलची बॅटरी आरपार मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. कोकण, गोवा, बेळगाव इकडची लेन्स असेल तर हे दोनदा बघा. मग अ‍ॅपर्चर एफ १६वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग दिसतील. धूळ साफ होते, ओरखडा जात नाही. नवीन घेताना भारतातली वॉरंटी आहे ना, ते बिलावर बघा. आणि फुकट मिळणाऱ्या ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवू नका. माझा ट्रायपॉड आता टोमॅटोच्या वेलाला आधार देतो.

पैसे कसे वाटायचे? माझा हिशेब असा, की निम्मे लेन्सवर गेले पाहिजेत. बॉडी दोन-तीन वर्षं जुनी चालेल. हजार रुपये हवाबंद डब्यासाठी आणि सिलिका जेलसाठी बाजूला काढा. पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत नाही, डब्यात राहील.

घर गेल्या वर्षी विकलं. त्याआधी चार दिवस तिथे राहून २४च्या लेन्सने सगळं घर काढलं. खिडकी, काच, चूल, डबे. आईचा एकच फोटो चांगला आहे, त्याच दिवाळीतला, संचातल्या लेन्सने काढलेला. सकाळी परसात बसून ती तांदूळ पाखडत होती. उजेड होता, म्हणून सुपातला दाणा न् दाणा आला. स्वयंपाकघरातले ते ऐंशी फोटो मी काढून टाकलेले नाहीत. हात धुरासारखे आहेत, पण करंजी ओळखू येते.

पुढच्या वेळी शटर आणि आयएसओ घेऊ. इथे समोर बसलेल्यांनी टेबलावरचा कॅमेरा उचलून बघायला हरकत नाही. ते बाजूचं चाक मात्र माझ्या नंबरवर आहे, आधी तुमच्या डोळ्याला लावून घ्या.