ऐकून घेणारं घर

(राहू, ता. दौंड येथील शिक्षक-पालक संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



राहू बेटात 'ऐकणं' या शब्दाचा एक पक्का अर्थ आहे. भीमा आणि मुळा-मुठा या दोन नद्यांच्या मधल्या या पट्ट्यात कुठल्याही ओट्यावर 'आमचं पोरगं ऐकतच नाही' असं कानावर पडलं, तर पोराच्या कानात दोष आहे असं कुणी समजत नाही. ते सांगितलेलं करत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मराठीनं एकाच क्रियापदात कान आणि आज्ञा दोन्ही बसवून टाकले आहेत. पालकसभेत आई हेच वाक्य बोलते आणि गुरुजीही मान डोलावून तेच बोलतात. सभा संपते.

पण त्या एका वाक्यात तीन निरनिराळी पोरं लपलेली असतात. एकाला ऐकूच कमी येतं. दुसऱ्याला ऐकू येतं, पण ऐकलेल्याचा अर्थ लागत नाही. तिसऱ्याला सगळं कळतं, पण घरात त्याचं कुणी ऐकून घेत नाही म्हणून त्यानंही ऐकणं सोडून दिलेलं असतं. चाचणीत तिघांनाही गुण कमी पडतात आणि गुणपत्रक तिघांचं सारखंच दिसतं.

पहिल्याचं लवकर उरकता येतं, कारण त्याला वैद्यकीय उपाय आहे. लहान मुलांना सर्दी झाली की कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं, आवाज दबका येतो, आणि सर्दी गेली की पुन्हा बरं ऐकू येतं. त्यामुळे सोमवारी 'लक्ष नाही' म्हणून बोलणी खाणारं पोर पुढच्या सोमवारी नीट उत्तरं देतं, आणि शिक्षकांना वाटतं हे मुद्दाम करतंय. टीव्हीचा आवाज वाढवणं, हाक मारल्यावर एकच कान पुढे करणं, श्रुतलेखनात शब्द अर्धवट उतरणं, कान वाहणं, या खुणा घरच्यांना शाळेच्या आधी दिसतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्याचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं, त्यात कानाची तपासणीही असते. त्या दिवशी पोराला शेतावर नेऊ नये, आणि कानात कोमट तेल सोडण्याचा आजीचा इलाज डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

दुसऱ्या पोराशी मात्र थांबावं लागेल. आजच्या भाषणाचा खरा विषय तोच आहे.

पालकसभेत मागच्या रांगेतून हमखास येणारं एक वाक्य आहे : 'आम्हाला कुठं लिहिता-वाचता येतं, आम्ही काय अभ्यास घेणार?' हे वाक्य नम्रतेचं वाटतं, पण चुकीचं आहे. १९८६ साली गॉफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी वाचनाविषयी एक साधं सूत्र मांडलं. वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले ऐकून समजणं. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तरही शून्य. 'गुऱ्हाळात काहिलीखाली चिपाडं पेटली होती' हे वाक्य पोरानं अडखळत का होईना वाचलं, पण काहील आणि चिपाड हे शब्द त्यानं कधी ऐकलेच नसतील तर त्याचं वाचन तिथेच संपलं. राहू-केडगावच्या पोराला ते शब्द ठाऊक असतात, कारण त्यानं गुऱ्हाळावर उभं राहून ते ऐकलेले असतात. गुणाकारातला पहिला आकडा शाळेनं भरायचा. दुसरा आकडा घरात भरतो, आणि त्यासाठी आई-बापाला सही करता येण्याचीसुद्धा गरज नाही.

याचा दाखला इथून जवळच आहे. केडगावच्या मुक्ती मिशनच्या संस्थापक पंडिता रमाबाई लहानपणी शाळेत गेल्या नव्हत्या. १८५८ साली जन्मलेल्या या मुलीला वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरात संस्कृत मिळालं ते कानानं. वडील वयानं थकलेले होते, म्हणून शिकवण्याचं काम आई लक्ष्मीबाईंकडे आलं. लक्ष्मीबाईंनाही ते नवऱ्यानं लोकांचा विरोध पत्करून शिकवलेलं. दिवसभर घरकाम आणि यात्रा, म्हणून पाठ पहाटे. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. शाळेचा दाखला नसलेल्या मुलीची ही परीक्षा होती. पुढे १८८७ मध्ये त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते आईच्या स्मृतीला अर्पण केलं. रमाबाईंची स्मरणशक्ती प्रत्येक घरात जन्मत नाही, आणि पाठांतर म्हणजे समज नव्हे, हे अध्यक्षालाही ठाऊक आहे. पण त्या पहाटेच्या पाठात एक गोष्ट होती, जी कोणत्याही घराला जमेल. आई म्हणे, मुलगी ऐके. मग मुलगी म्हणे आणि आई ऐके. या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे आपलं लक्ष जात नाही.

खरं तर आपल्या गावांत ऐकण्याची चाचणी घ्यायची एक जुनी पद्धत होती आणि ती कुणी बंद केली नाही, ती आपोआप बुडाली. तिचं नाव निरोप. 'पळत मळ्यात जा. आबांना सांग, आज पुढची लाईट रात्री बारानंतर आहे, मोटर आत्ता बंद करू नका, पाहुणे उद्या येणारेत, आणि येताना जेवणाचा डबा घेऊन ये.' सात वर्षांचं पोर चार गोष्टी डोक्यात धरून उसाच्या सरीतून धावत जाई. दोनच सांगितल्या तर आबा तिसरी विचारत आणि रिकाम्या हातानं आलं तर आई परत पाठवी. ऐकणं, धरून ठेवणं, क्रम लावणं, दुसऱ्याला समजेल असं सांगणं : शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात ज्याला चार रकाने लागतात ते काम एका निरोपात होत असे. मोबाइल आला आणि आबांना थेट फोन लागू लागला. सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण पोराच्या वाट्याची रोजची चाचणी गेली, आणि तिच्या जागी आपण काही ठेवलं नाही. किराणा दुकानात यादी न देता चार वस्तू तोंडी सांगून पाठवलं तरी ती चाचणी पुन्हा सुरू होते. एखादी वस्तू विसरेल. विसरू द्यावी. त्यानं दुसरी फेरी मारावी.

आता शिष्यवृत्ती परीक्षेकडे येऊ, कारण समोरचे निम्मे पालक त्यासाठीच आलेले आहेत. ही परीक्षा १९५४-५५ पासून चालू आहे. आधी ती चौथी-सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला गेली, आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचा निर्णय झाला. पाचवीला होती तेव्हा दोन पेपरांत मिळून १५० प्रश्न असत, प्रत्येकाला २ गुण, एकूण ३००. दीड-दीड तासात ७५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. या ७२ सेकंदांत पोर चुकतं कुठे? सराव पेपर तपासणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला विचारावं. 'पुढीलपैकी चुकीचा पर्याय निवडा' यातलं 'चुकीचा' निसटतं आणि पोर बरोबर पर्याय रंगवून मोकळं होतं. 'गटात न बसणारे पद' यातला 'न' गळतो. आठवीच्या प्रश्नपत्रिकेत काही प्रश्नांना दोन पर्याय अचूक असत आणि दोन्ही रंगवले तरच गुण मिळत. ती सूचना वर छापलेली असे. गणित येत होतं, सूचना ऐकली नव्हती. कागदावरची सूचनाही मनातल्या मनात ऐकावीच लागते, आणि ज्या पोराला घरी कुणी वाक्य पूर्ण करू देत नाही ते प्रश्नपत्रिकेलाही वाक्य पूर्ण करू देत नाही.

म्हणून निकालाच्या दिवशी 'किती पडले?' हा प्रश्न जरा मागे ठेवावा. सोडवलेला पेपर मिळत असेल तर तो घ्यावा, एकेक चूक पोरालाच मोठ्यानं वाचायला लावावी आणि विचारावं, हे येत नव्हतं की वाचलं नव्हतं? दोन चुकांना दोन वेगळे इलाज आहेत. शिकवणी फक्त पहिल्या चुकीवर चालते. हा हिशेब न करता फी भरणारे पालक पुष्कळ आहेत.

दुसरी एक गफलत पायाभूत चाचणीबाबत होते. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाबरोबर ती आपल्या शाळांत आली. आता पायाभूत, संकलित एक आणि संकलित दोन अशा चाचण्या प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजीत होतात, लेखीबरोबर तोंडी भागही असतो. पायाभूत चाचणीत पास-नापास काही नाही. पोर वर्षाच्या सुरुवातीला कुठे उभं आहे एवढंच ती सांगते. तरीही काही घरांत तिच्यासाठी खास तयारी करून घेतात. ताप मोजण्याआधी थर्मामीटर माठात बुडवण्याचा हा प्रकार आहे.

घरी चाचणी घ्यायचीच असेल तर तिचा एक प्रकार पैशाविना होतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून, मग न पाहता आठवेल तेवढं लिहिलं. आठवड्यानं पुन्हा विचारलं तेव्हा दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के मजकूर आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. आठवून सांगणं हीच उजळणी. रात्री भाकरी थापताना आईनं 'आज बाईंनी काय सांगितलं, मला सांग' म्हटलं की हाच प्रयोग चुलीपुढे होतो. उत्तर बरोबर की चूक हे आईला कळलं नाही तरी चालतं. तिला एवढंच म्हणता यायला हवं : 'मला नाही समजलं, परत सांग.' अडाणी आईचा हा प्रश्न शिकलेल्या बापाच्या दुरुस्तीपेक्षा कित्येकदा जास्त कामाचा ठरतो, कारण तो खरा असतो.

ज्यांना हे नुसतं बोलणं वाटत असेल त्यांनी 'शाळापूर्व तयारी अभियान, पहिले पाऊल' आठवावं. २०२२ पासून आपल्या राज्यात पहिलीत जाणाऱ्या मुलांचे मेळावे होतात. टेबलं मांडतात, पोर एकेका टेबलाशी जाऊन दोरीवर चालतं, गोष्ट ऐकून सांगतं, वस्तू मोजतं. आई सोबत उभी असते आणि तिच्या समोर विकासपत्र भरलं जातं. नंतर मातांचे गट करून घरी करायच्या कृती दिल्या जातात. परीक्षेच्या टेबलाशी आईला उभं करणारी ही कल्पना आपल्याकडच्या फार थोड्या शहाण्या कल्पनांपैकी एक आहे. पहिलीच्या पुढे मात्र आई पुन्हा फाटकाबाहेर जाते.

टाळेबंदीतही हे दिसलं होतं. २०२० च्या जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही शैक्षणिक मालिका सुरू झाली आणि ज्या घरांत एक मोठं माणूस पोराशेजारी बसलं तिथे ती शाळा झाली. जिथे पोराला टीव्हीपुढे सोडून दिलं तिथे ती नुसती टीव्ही राहिली.

आणि एक घर या सभेत आलेलं नाही. गळीत हंगामात बीड आणि अहिल्यानगरकडून कोयता घेऊन येणाऱ्या कुटुंबांच्या कोप्या आपल्याच शेताच्या बांधाला असतात. तिथलं पोर अर्धं वर्ष एका शाळेत, अर्धं दुसऱ्या, आणि कित्येकदा कुठल्याच नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, ते दाखवून कुठल्याही गावच्या शाळेत बसता येतं. पण पहाटे फडात जाणाऱ्या आईला ते कोण सांगणार? ज्याचा ऊस ती तोडते त्या बागायतदारानं सांगावं. तोही पालकच आहे.

तिसरं पोर राहिलं, ज्याचं घरात कुणी ऐकत नाही. त्याच्याविषयी शिक्षणखात्यानं आपल्याला एक धडा दिला आहे. दहावीच्या भाषा विषयांचे अंतर्गत २० गुण २०१९ च्या परीक्षेपुरते काढले गेले, निकाल ७७.१० टक्क्यांवर आला, ओरड झाली आणि पुढच्या वर्षी गुण परत आले. ओरड गुणांसाठी होती. त्या गुणांत श्रवण आणि भाषण मोडतं, ते मुलांना खरोखर येतं का, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कुणी विचारला नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली ती रात्रीमागून रात्री सांगितलेल्या गोष्टींच्या रूपात. त्यातला श्याम बोलतो, कारण समोर ऐकणारे बसलेले आहेत. घरात पोराच्या गोष्टीला असा एक श्रोता हवा. दहा मिनिटं, फोन उलटा ठेवून, मध्ये न बोलता. घरात आजी असेल तर ती या कामाला सगळ्यात योग्य. तिला वेळही असतो आणि दुरुस्त करण्याची घाईही नसते.

आता एक विनंती, जी या मांडवात बसलेल्यांपेक्षा बाहेरच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांसाठी आहे. शिष्यवृत्तीची परीक्षा गेली काही वर्षं फेब्रुवारीत येते, ऐन गळिताच्या दिवसांत. दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर तेव्हा दिवसभर कारखान्याकडे जात असतात आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागचे स्पीकर पार नदीपलीकडे शिरूरच्या हद्दीत ऐकू जातात. गाणी वाजवावीत, लांबचा रस्ता आहे, झोप येते. फक्त परीक्षेच्या त्या दिवशी, सकाळी अकरा ते दुपारी चार, शाळेवरून जाताना आवाज बंद ठेवावा. ट्रॅक्टरमालक समोर बसले आहेत, त्यांनी आज घरी गेल्यावर ड्रायव्हरला एवढा निरोप द्यावा.