प्रश्न उद्भवत नाही
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत विषय 'विधिमंडळ आणि आपण' असा छापला आहे. ते वाचून काही मंडळींना निवडणुकीचे भाषण ऐकावे लागणार अशी धास्ती वाटली असेल. तसे काही नाही. आम्ही बोलणार आहोत ते एका पावतीबद्दल. यात्रेला किंवा सहलीला गेलो की गावाच्या वेशीवर गाडी थांबते, खिडकीतून हात आत येतो, आपण पैसे देतो आणि एक चिटोरे हातात पडते, ती पावती. महाबळेश्वर, पाचगणी, माथेरान इथे ती नगरपरिषदेची असते. जत्रेच्या गावी पंचायतीची असते. आग्र्याला ताजमहालाच्या तिकिटातच तिथल्या विकास प्राधिकरणाचा वाटा असतो. परदेशी पाहुण्याच्या १,१०० रुपयांतले ५०० रुपये त्याचे.

आपल्यापैकी किती जणांनी अशी पावती घरी आणून नीट वाचली आहे? आम्हीही ती गाडीच्या कप्प्यात टाकतो आणि पुढच्या पेट्रोलच्या वेळी फेकून देतो. रक्कम लहान असते, देवाच्या दारी वाद नको असतो, आणि पोरे भुकेलेली असतात.

पण हा पैसा इतर करांपेक्षा वेगळा आहे, हे ध्यानात घ्यावे. इथे घरपट्टी वाढली की महानगरपालिकेत आरडाओरडा होतो, नगरसेवकाला गल्लीत लोक अडवतात. प्रवासी मात्र संध्याकाळी परत जातो. त्या गावात त्याला मत नाही, म्हणून त्याला उत्तर देण्याची कोणाला गरजही नाही. मतदाराकडून घेण्यापेक्षा पाहुण्याकडून घेणे नेहमीच सोपे असते. अशा पैशाचा हिशेब विचारायला एकच जागा उरते: विधानसभेतला प्रश्नोत्तराचा तास.

ही गोष्ट नवी नाही. अकबराने १५६३ मध्ये यात्रेकरूंवरचा कर उठवला, हे आपण शाळेत शिकलो. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने १८०६ मध्ये जगन्नाथपुरीच्या यात्रेकरूंवर कर बसवला. गया आणि प्रयाग इथेही कंपनी तो घेत असे. १८४० च्या कायद्याने तिन्ही ठिकाणचा कर बंद झाला. त्यासाठी इंग्लंडात पुष्कळ वर्षे चळवळ झाली होती, पण ती मुख्यतः मिशनरी मंडळींची होती. ख्रिस्ती सरकारने मूर्तिपूजेतून पैसा मिळवावा, याची त्यांना लाज वाटत होती. पायी पुरीला जाणाऱ्या माणसाच्या कमरेच्या पिशवीची काळजी हा त्यांचा मूळ मुद्दा नव्हता. कर गेला हे चांगलेच झाले. मात्र ज्याच्याकडून तो घेतला जात होता, त्याच्या वतीने बोलणारा त्या दरबारात कोणी नव्हता.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. हुबळी आणि धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात. १८६१ च्या कायद्याने मुंबईला कौन्सिल मिळाले, पण सभासदांना प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. ती १८९२ च्या कायद्याने मिळाली, तीही आगाऊ सूचना देऊन. उत्तर आले की ते ऐकून खाली बसायचे, उपप्रश्न नाही. त्या कौन्सिलात १८९५ ते १८९७ लोकमान्य टिळक सभासद होते. सार्वजनिक गणेशोत्सवासाठी आपण त्यांचे नाव दरवर्षी घेतो, पण ते कौन्सिलातही बसत हे फारसे आठवत नाही. १९०९ नंतर प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारता येऊ लागला. आणि १९१९ च्या सुधारणांनी, म्हणजे १९२१ पासून, स्थानिक स्वराज्य हे खाते भारतीय मंत्र्याच्या हाती आले. याचा अर्थ साधा होता. नगरपालिकेने कोणता कर बसवला, तो कुठे खर्च केला, हे आता उभे राहून एका मंत्र्याला विचारता येत होते आणि तो मंत्री कौन्सिलाला जबाबदार होता. १९३० नंतरच्या काळात आपल्या हुबळीचे सर सिद्धप्पा कंबळी मुंबई प्रांताचे मंत्री होते, म्हणजे उत्तरे देणाऱ्यांच्या बाकावरही आपल्या गावचा माणूस होता.

त्या काळी पंढरपूरची नगरपालिका यात्राकर घेत असे. कारण सयुक्तिक होते. वारीत लाखो माणसे येत, पटकीची साथ पसरे, पाणी आणि शौचाची व्यवस्था करायला पैसा लागे. पण नगरपालिका निवडून देणारे होते पंढरपूरचे रहिवासी आणि कर भरणारे होते गावोगावचे वारकरी. त्यांत आपल्या भागातले, कानडी बोलणारे वारकरीही पुष्कळ. आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. नाक्यावर पैसे घेताना कोणी जात विचारली असेल का? देवळाच्या दारात मात्र विचारत होते, आणि ते दार साने गुरुजींच्या १९४७ च्या उपोषणानंतरच सर्वांना उघडले.

म्हणून सभागृहात विषय निघाला की काम झाले, असे आम्ही म्हणत नाही. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. सार्वजनिक पैशावर चालणारे पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. महाडच्या नगरपालिकेने तो मान्यही केला. तरी १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकरांना हजारो माणसे घेऊन चवदार तळ्यावर जावे लागलेच. कौन्सिलातल्या कागदाने तळे आपोआप खुले झाले नाही. पण तो कागद नसता, तर तळ्यावर जाणाऱ्यांच्या हाती सरकारचाच शब्द नसता.

मूळ मुद्द्याकडे येतो. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत धारवाड जिल्ह्यातला आमदार मुंबईच्या विधानसभेत उभा राहून पंढरपूरच्या यात्राकराबद्दल विचारू शकत होता, कारण धारवाड, बेळगाव, सोलापूर सगळे एकाच राज्यात होते. १ नोव्हेंबरला राज्य बदलले. भाषा, नोकऱ्या, शाळा यांवर त्याचा काय परिणाम झाला, हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलले गेले आहे. त्यात आज शिरायचे नाही. पण एक लहानशी गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. आपली पंढरीची वाट होती तशीच राहिली, मात्र त्या वाटेवरच्या नाक्याबद्दल विचारणारा आपला माणूस त्या दिवसापासून उरला नाही. बंगळुरूच्या विधानसौधात पंढरपूरबद्दल विचारले तर मंत्री म्हणणार, आमच्या अखत्यारीत नाही. दिल्लीत विचारावे, तर राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात देशांतर्गत यात्रा हा विषय राज्यसूचीत सातव्या क्रमांकावर आहे. म्हणजे तिथेही 'विषय राज्याचा' असे एका ओळीचे उत्तर.

पंढरपूरचा यात्राकर पुढे गेला आणि त्याच्या जागी राज्य सरकारचे यात्रा अनुदान आले. हे आम्हाला बरे वाटते, कारण अनुदान सरकारी तिजोरीतून येते, आणि तिथल्या पैशाबद्दल विचारायला तिथले आमदार हक्काने उभे राहू शकतात.

या बाजूने पाहिले की दुसरी बाजूही दिसते. सौंदत्तीच्या यल्लम्माला दरवर्षी कोल्हापूर-सांगलीकडून बसच्या बस भरून माणसे येतात. इथे ती परकी. त्यांचा आमदार मुंबईला किंवा नागपूरला बसतो, सौंदत्तीच्या पाण्याबद्दल त्याला काही विचारता येत नाही. आपला आमदार मात्र विचारू शकतो, आणि त्याला विचारायला लावणारे आपण इथे आहोत, दोन्ही भाषा येणारे. पंढरपूरला आपण पाहुणे, इथे यजमान.

गैरसमज नको म्हणून सांगतो, आम्ही अशा कराच्या विरुद्ध नाही. यजमान गावाची बाजू खरी आहे. जत्रा उठली की कचरा उरतो, पाण्याच्या टाक्या रिकाम्या होतात. जकात पूर्वीच गेली. हॉटेलच्या खोलीवरचा सुखसोयी कर १ जुलै २०१७ पासून जीएसटीत विरघळला; त्यातला पैसा बंगळुरू आणि दिल्लीला जातो, गावाच्या झाडूवाल्यापर्यंत थेट येत नाही. मग गाव वेशीवर नाका उभा करते. आपण सुट्टीत जातो त्या गोव्यातल्या कळंगुट पंचायतीने जून २०२४ मध्ये पर्यटकांकडून प्रवेशाचे पैसे घेण्याचा ठराव केला, तो कचरा आणि गोंधळ यांना कंटाळूनच. त्याला कायद्याचा आधार किती, हे विचारण्याची जागा पर्वरीची विधानसभा. तिथेही आपला कोणी नाही.

मग विचारायचे काय? इथे कर आणि शुल्क हा भेद उपयोगी पडतो, आणि तो आपल्याच राज्यातल्या एका मठाच्या निमित्ताने स्पष्ट झाला. उडुपीच्या अष्टमठांपैकी शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये सांगितले की कर हा सरकारच्या सर्वसाधारण खर्चासाठी असतो, त्याच्या बदल्यात अमुक सेवा मिळेलच असे नाही. शुल्क मात्र विशिष्ट सेवेच्या बदल्यात असते. आता कर्नाटकाचा १९९३ चा पंचायत राज कायदा पाहा. जत्रा-उत्सवांना येणाऱ्या माणसांवर ग्रामपंचायतीला यात्रेकरू शुल्क लावता येते, पण पाणी, आरोग्य आणि स्वच्छतेची आवश्यक व्यवस्था पंचायतीने केली असेल तिथे. आधी नळ, मग पावती. कायदा इतका स्पष्ट आहे की आम्ही तो दोनदा वाचला. आपल्यापैकी काहींची मुले स्कॉटलंडमध्ये असतात. तिथल्या संसदेने २०२४ मध्ये मुक्कामी पाहुण्यांवरील कराचा कायदा केला, त्यातही जमलेला पैसा पाहुणे वापरतात त्या सोयींवर खर्च करण्याची अट आहे. आपण तीस वर्षे आधीच ती लिहून ठेवली आणि विसरलो.

प्रश्न विचारणे हीदेखील एक कला आहे. विधिमंडळाची प्रश्नोत्तरे ज्यांनी वाचली असतील, त्यांना त्यांचा ठेका माहीत असेल. 'अमुक ठिकाणी यात्रेकरूंची गैरसोय होते, हे खरे आहे काय?' उत्तर: 'हे खरे नाही.' 'असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?' उत्तर: 'प्रश्न उद्भवत नाही.' कन्नडमध्येही हेच वाक्य, 'प्रश्ने उद्भविसुवुदिल्ल'. दोन राज्यांचे बाकी कशावर एकमत होवो न होवो, या वाक्यावर आहे. चूक मंत्र्याची असतेच, पण प्रश्नाचीही असते. हो-नाहीत उत्तर देता येईल असा प्रश्न म्हणजे मंत्र्याला दिलेली सुट्टी. नावे, आकडे आणि तारखा मागणारा प्रश्न असा उडवता येत नाही. फार तर 'माहिती गोळा करण्यात येत आहे' म्हणता येते, आणि मग पुढच्या अधिवेशनात ती माहिती कुठे गेली असे विचारता येते.

तोंडी उत्तर हवे असलेल्या प्रश्नाला मराठीत तारांकित म्हणतात. कन्नडमध्ये 'चुक्के गुरुतिन प्रश्ने'. चुक्के म्हणजे ठिपका आणि चुक्के म्हणजे चांदणीही. रांगोळीच्या ठिपक्यांना आपल्या शेजारणी जो शब्द वापरतात तोच. तारांकिताचा फायदा असा की मंत्र्याला उभे राहावे लागते आणि उपप्रश्न येतात. ज्याला लेखी उत्तर चालेल तो अतारांकित. आकड्यांसाठी तो बरा, कारण कागद हातात राहतो.

हिवाळी अधिवेशन बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात भरते, २०१२ मध्ये ती इमारत झाली. तिच्यावरून काय वाद झाले ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. पण ती आपल्या घरापासून दीड-दोन तासांवर आहे आणि तिथे बसणाऱ्यांत आपले आमदार आहेत: हुबळी-धारवाडच्या तीन मतदारसंघांचे, शिवाय विधान परिषदेत पदवीधरांचे आणि शिक्षकांचे. आपल्यात पदवीधर आणि शिक्षक किती, हे या सभागृहात सांगायला नको.

आम्ही काही जणांनी मिळून प्रश्नाचा मसुदा केला आहे. तो असा. धारवाड आणि बेळगाव जिल्ह्यांतील कोणकोणत्या ग्रामपंचायती जत्रेच्या वेळी यात्रेकरू शुल्क घेतात. गेल्या तीन वर्षांत प्रत्येकीने वर्षवार किती रक्कम जमा केली. त्यातील पाणी, आरोग्य आणि स्वच्छता यांवर प्रत्येकी किती खर्च झाला. शुल्क सुरू करण्यापूर्वी व्यवस्था झाल्याची खातरजमा कोणी व कोणत्या तारखेला केली. आणि वसुली ठेकेदाराकडे असल्यास ठेक्याची रक्कम किती. कुठेही 'हे खरे आहे काय' नाही.

याची कन्नड प्रत धारवाडच्या मंडळींनी करून दिली आहे. दोन्ही प्रती मागच्या टेबलावर, प्रसादाच्या शेजारी ठेवल्या आहेत. ज्यांच्याकडे जत्रेच्या गावची एखादी जुनी पावती शिल्लक असेल त्यांनी ती जोडावी. पावतीवर कोणाचा शिक्का आहे तेवढे दिसले तरी पुरे. वाहनतळाचे पैसे याच प्रश्नात घ्यावेत की वेगळा प्रश्न करावा, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. आरतीनंतर दहा मिनिटे बसणार आहोत, ज्यांना वेळ आहे त्यांनी थांबावे.