तिच्या वहीत काय आहे?

(किशोरी गटांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)

'किशोरींची स्वप्नं' असा विषय मला दिला आहे. या विषयावर आपल्याकडे पोस्टर पुष्कळ आहेत. हात उंचावलेली मुलगी, मागे उगवता सूर्य, खाली एखादी घोषणा. मी आज पोस्टरबद्दल नाही, वह्यांबद्दल बोलणार आहे.

समाजकार्याचं एम.ए. झाल्यावर थोडं शहरात काम केलं. आता काही वर्षं बीड जिल्ह्यातल्या तीन गावांत किशोरी गट चालवते. तेरा ते अठरा वयाच्या पन्नासेक मुली आहेत. बहुतेकींचे आईवडील ऊसतोडीला जातात. शनिवारी शाळा सुटली की आम्ही समाजमंदिरात बसतो. प्रत्येकीला एक दोनशे पानी वही दिलेली आहे. मी फळ्यावर तीन गोष्टी लिहिते: माझं स्वप्न, माझं घर, मला सध्या काय आवडतं. त्यांतलं काहीही लिहायचं, किंवा नुसतं चित्र काढायचं. शुद्धलेखन मी तपासत नाही. आज इथे जे सांगणार आहे ते त्या त्या मुलीला विचारून, नावगाव वगळून सांगते आहे.

आधी स्वप्नं. सगळ्यांत जास्त वह्यांत एकच शब्द आहे: पोलीस. का पोलीस, असं विचारलं की देशसेवा वगैरे उत्तर येतं. पण वहीत वेगळं असतं. एकीने लिहिलं आहे की पोलीस बाई रस्त्याने एकटी जाते आणि 'कुठं चाललीस' असं तिला कुणी विचारत नाही. दुसरीने लिहिलं आहे की पगार तिच्या स्वतःच्या खात्यावर येतो. मैत्रिणींनो, हे वर्दीचं वेड नाही. फिरण्याचं स्वातंत्र्य आणि हातात पैसा, या दोन गोष्टी ज्या बाईकडे आहेत अशी एकच बाई या मुलींना जवळून दिसली, ती तालुक्याच्या ठाण्यातली.

भरतीचे नियम मुलींना पाठ आहेत. बारावी पास, उंची १५५ सेंटिमीटर, ८०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं, गोळाफेक. स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत हेही माहीत आहे. पण धावायचं कुठे? गावातली मुलं पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर धावतात. मुलीला त्या वेळी चूल पेटवायची असते, आणि अंधारात घराबाहेर पडायची परवानगीही नसते. एका मुलीने लिहिलं आहे की ती हापशावरून पाणी आणताना मुद्दाम पळत येते, तीच तिची प्रॅक्टिस. आरक्षण मुंबईत बसून देता येतं. धावायला अर्धा तास आणि मोकळा रस्ता मात्र गावातच मिळवावा लागतो.

आता दुसऱ्या प्रकारची स्वप्नं. ही कुठल्याही कार्यक्रमात कुणी वाचून दाखवत नाही. 'मला एक दिवस दुपारी झोपायचं आहे.' 'मला आतून कडी लावता येईल अशी मोरी पाहिजे.' 'मला एसटीत खिडकीजवळ बसून शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं आहे.' 'मला समुद्र बघायचा आहे.' एकीने फक्त एवढंच लिहिलं आहे की पेपरच्या आदल्या रात्री घरात पाहुणे येऊ नयेत.

ही स्वप्नं छोटी वाटतात. पण नीट बघा. झोप म्हणजे वेळ. कडी म्हणजे खाजगी जागा. एसटीची खिडकी म्हणजे कारण न सांगता केलेला प्रवास. आपण शिबिरांत घरातल्या श्रमविभागणीचा तक्ता काढतो, पुरुष सकाळी उठून काय करतो, बाई काय करते ते लिहितो. त्या तक्त्यात पंधरा वर्षांची मुलगी कुठे असते? ती 'बाई'च्या रकान्यात काम करते आणि 'मुलं' या रकान्यात मोजली जाते. म्हणून तिच्या कामाला कुणी काम म्हणत नाही आणि तिच्या थकव्याला कुणी थकवा म्हणत नाही.

घराबद्दल मुली काय लिहितात? आईबद्दल खूप लिहितात. आमच्या भागात दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात आणि गळीत हंगाम संपला की परततात. म्हणजे पाच-सहा महिने आई नाही. मुलगी आजीजवळ राहते, किंवा धाकट्या भावंडाला सांभाळायला कोपीवर जाते. जी कोपीवर जाते तिची शाळा सुटते. जी गावात राहते ती घराची कर्ती होते. दहावीतल्या एका मुलीने लिहिलं आहे की आई परत येते तेव्हा दोन दिवस तिच्याशी काय बोलावं तेच सुचत नाही.

बापाबद्दल सगळ्याच रागाने लिहीत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. कित्येकींचा बाप चांगला आहे. तो मुलीला शिकवू बघतो. पण मुकादमाची उचल अंगावर असते. ऊसतोडीत मजुरी जोडीने मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. लग्न झालेल्या मुलाला उचल जास्त मिळते, म्हणून त्याच्या घरच्यांना सून लवकर हवी असते. आणि मुलीच्या आईबापाला सहा महिने तरण्या मुलीला मागे ठेवून जायची भीती वाटते. दोन्हीकडची गरज एकाच मांडवात भेटते. 'लोक अडाणी आहेत म्हणून बालविवाह होतात' असं म्हणणं सोपं आहे. इथे लग्न हा मजुरीच्या पद्धतीचाच एक भाग झाला आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. साधारण पाचातली एक. आपल्या गटात पन्नास मुली असतील तर हिशेब तुम्हीच करा. त्यात ही सगळ्या राज्याची सरासरी आहे. ऊसतोडीच्या गावांत चित्र याहून वाईट आहे, हे इथे बसलेल्या प्रत्येकीला माहीत आहे.

कायदा काय म्हणतो? १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ केलं. १९७८ मध्ये ते १८ झालं. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आला. डिसेंबर २०२१ मध्ये वय २१ करण्याचं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं, आणि २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाल्यावर ते बाद झालं. त्या वेळी आपल्यापैकी अनेकींनी त्याला विरोध केला होता, कारण वयाचा आकडा वाढवल्याने मुलीला आधार मिळत नाही, पळून जाऊन लग्न करणाऱ्यांवर खटले मात्र वाढतात. दुसरीकडे २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलामुलींसाठी आहे. म्हणजे चौदाला शिक्षणाची कायदेशीर हमी संपते आणि लग्नाचं वय अठराला येतं. मधली चार वर्षं मुलीने कशाच्या आधारावर काढायची? बारावीपर्यंत मुलीला फी नाही, एसटीचा पास मोफत आहे, पण तिच्या वेळेला एसटीच नाही. आपल्या वह्या या चार वर्षांत लिहिलेल्या आहेत.

आता तिसरी गोष्ट, सध्या काय आवडतं. इथे आपल्या कपाळावर आठ्या पडतात. मेंदी, नवीन ड्रेस, कबड्डी, सिनेमातली गाणी आणि फोन. घरात स्मार्टफोन एकच, तो भावाचा. त्याची आंघोळ होईपर्यंत तो बहिणीच्या हातात येतो. तेवढ्यात ती रील बघते, मैत्रिणीला निरोप पाठवते आणि पाठवलेलं पुसून टाकते. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर आले, तेव्हा ज्या मुलीच्या हातात फोन नव्हता तिची शाळाच संपली. जिच्या हातात होता तिच्यावर संशय आला.

एखाद्या वहीत एखाद्या मुलाचं नावही असतं. पूर्ण नसतं, पहिलं अक्षर असतं. त्यावर काही कार्यकर्त्या म्हणतात, 'याच्यासाठी का आपण गट चालवतो?' माझं उत्तर आहे, हो, याच्यासाठीसुद्धा. सोळाव्या वर्षी कुणीतरी आवडणं हा गुन्हा नाही, आणि ते बोलायला एक मोठी बाई नसणं धोक्याचं आहे. घरात कळलं तर महिन्याभरात लग्न लागतं. गटात बोलता आलं तर निदान नकार कसा द्यायचा, थांबायला कसं सांगायचं, शरीराची काय काळजी घ्यायची, कायदा काय आहे, हे तिला समजतं. आपल्याला लढाऊ मुलगी आवडते. पण जी मुलगी शनिवारी येते तिला मेंदीही आवडते आणि पोलीसही व्हायचं असतं. तिच्यातली निम्मी मुलगी बाहेर ठेवून ये, असं आपण तिला सांगू शकत नाही.

एक अनुभव सांगते. आमच्या गटातल्या सोळा वर्षांच्या एका मुलीने एका शनिवारी वहीचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. बोलली काहीच नाही. पानावर तीनच वाक्यं होती. पाहुणे येऊन गेले. मला चहा घेऊन जायला लावलं. आई म्हणाली, हंगामाच्या आधी उरकून घेऊ.

मी तिला आधी विचारलं, तुला काय हवं आहे? ती म्हणाली, बारावी करायची आहे, पण आईला पोलिसांत नेऊ नका. दोन्ही गोष्टी तिच्यासाठी खऱ्या होत्या. मग आम्ही आईकडे गेलो, आजीकडे गेलो, बचतगटातल्या चार बायकांना बरोबर घेतलं. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याची जबाबदारी ग्रामसेवकाकडे असते, त्यांना लेखी कळवलं. त्यांच्यासमोर वडिलांनी हमीपत्र लिहून दिलं. लग्न थांबलं.

बातमी झाली असती तर इथेच संपली असती. पण पुढच्या महिन्यातल्या पानावर तिने लिहिलं की घरात कुणी माझ्याशी बोलत नाही, आणि आई उसाला जाताना माझ्याकडे न बघता गेली. लग्न थांबवणं हे एका दिवसाचं काम. त्यानंतरचे पाचशे दिवस त्या मुलीला त्याच घरात, त्याच आजीजवळ काढायचे असतात. त्या दिवसांत तिच्याबरोबर कोण आहे, यावर आपलं काम मोजलं गेलं पाहिजे. आम्ही तिच्या वसतिगृहासाठी खटपट केली. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना शासनाने २०२१ मध्ये मंजूर केली आहे, त्याची चौकशी आपापल्या तालुक्यात करा आणि जागा मागा. तोपर्यंत बचतगटातली एक मावशी रोज संध्याकाळी तिच्या दारावरून जाते. आत जाऊन फक्त विचारते, 'जेवलीस का गं?' आज ती मुलगी अकरावीत आहे. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. आई मात्र आता फोनवर बोलते.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात मांडते.

पहिलं, वही मुलीची आहे. ती समाजमंदिराच्या कपाटात राहील, किल्ली गटाकडे राहील, आणि तिने दिल्याशिवाय ती कुणी उघडणार नाही. मीही नाही, अहवालासाठीही नाही, देणगीदार आले तरी नाही.

दुसरं, एक गोष्ट मुलींना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. अठराच्या आतल्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्याने, २०१२ पासून, बंधनकारक आहे. 'मी कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका. 'तुला विचारल्याशिवाय, तुला बरोबर घेतल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही' हे वचन द्या आणि पाळा. १०९८ हा नंबर प्रत्येक वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्या.

तिसरं, ज्यांचं लग्न झालं त्यांना गटातून वगळू नका. २००६ च्या कायद्यानुसार अठराच्या आत लग्न झालेल्या मुलीला ते रद्द करून मागता येतं, आणि सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे विसाव्या वर्षापर्यंत, ही मुदत असते. हे तिला सांगणारं दुसरं कुणी नसतं.

चौथं, स्वप्नांवर भाषणं कमी करा आणि स्वप्नांना लागणारा वेळ मिळवा. आमच्या एका गावात गटाने ग्रामपंचायतीकडे अर्ज केला. आता शाळेचं मैदान सकाळी सहा ते सात मुलींसाठी असतं आणि दोन आया राखणीला बसतात. अकरा मुली धावतात. सगळ्या पोलीस होणार नाहीत. पण एक तास त्यांचा आहे.

१८५५ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आपल्या समाजातल्या बाळंतिणींच्या अंगावर छप्परही नसतं, हे तिने त्यात मांडलं होतं. चौदा वर्षांच्या मुलीला काय कळतं, असं तिच्या शिक्षकांनी म्हटलं असतं तर तो निबंध आज आपल्या हातात नसता. आपल्या गटातल्या मुलीही छप्पर, कडी, झोप, रस्ता यांबद्दलच लिहीत आहेत. त्यांनी वही पुढे केली तर वाचा, आणि वाचल्यावर विचारा, 'यातलं आधी कशाला हात घालू या?'

एवढं बोलून थांबते. आता तुमच्या गटांतल्या मुली काय म्हणतात ते ऐकायचं आहे.