मूळ उत्तराचा रकाना

आळंद तालुक्यातून, पलीकडच्या अक्कलकोट-उमरग्याकडून आलेल्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षानं कवितेवर बोलावं, फार तर सीमाप्रश्नावर बोलावं, असा रिवाज आहे. मी तक्त्यावर बोलणार आहे. आपल्या तरुण मंडळींनी घरोघर जाऊन भाषेची पाहणी करायचं मनावर घेतलंय. मोबाइलवर भरलेली उत्तरं वर्गवार लावून एक्सेलमध्ये कशी उतरवायची, याची चर्चा मघा जेवणाच्या पंगतीतही रंगली होती. मला ती आजच्या विषयपत्रिकेपेक्षा महत्त्वाची वाटते.

कारण तक्त्याचा हिसका आपण खाल्लेला आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि बीदर, गुलबर्गा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. पुढचा बराचसा वाद जनगणनेच्या भाषिक आकड्यांवर झाला. महाराष्ट्राचा आग्रह होता, खेडं हा घटक धरा. खेडं धरा, तालुका धरा किंवा जिल्हा धरा. उत्तरं देणारी माणसं तीच, पण बहुसंख्य कोण ते बदलू शकतं.

2011च्या जनगणनेचंच बघा. लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली नावं भरली 19,569. छाननी करून 1,369 मातृभाषा ठरवल्या. 1,474 नावं कुठंच बसेनात, ती ‘इतर’मध्ये टाकली. दहा हजारांहून जास्त बोलणारे असलेल्या मातृभाषांची मोट बांधून शेवटी 121 भाषांची यादी झाली. आपल्या शेजारच्या तांड्यांवरची लमाणी तिथं हिंदीखाली आहे! तांड्यावरच्या कुठल्या म्हातारीला हे पटेल? आणि मराठीच्या पोटातही ‘आरे’ ही मातृभाषा बसवली आहे. त्याबद्दल आपण कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. मात्र जनगणनावाल्यांनी एक गोष्ट चोख केली. हिंदीच्या बेरजेखाली लमाणीचा आकडा वेगळा छापला. म्हणून ती बेरीज आज आपल्याला मोडून बघता येते.

तुमच्या पाहणीबद्दल माझा हट्ट तेवढाच आहे. बेरीज मागाहून मोडता आली पाहिजे.

समजा, तुम्ही विचारलंत, ‘आजी, कोणती भाषा बोलता?’ ती सांगेल, ‘घरात मराठी, रानात गड्यासंगं कन्नड, अन् नातू शाळेत काय बोलतो ते त्यालाच ठावं.’ तुमच्या अर्जात चार खुणा: मराठी, कन्नड, दोन्ही, इतर. पोरगा ‘दोन्ही’वर बोट ठेवून पुढच्या घरी जाणार. फाइल निघेल तेव्हा रान, घर, नातू, सगळं गायब! म्हणून आजीचं वाक्य जसंच्या तसं एका रकान्यात ठेवा आणि वर्ग त्याच्या शेजारच्या रकान्यांत. मराठीला एक रकाना, कन्नडला एक, उर्दूला एक, लमाणीला एक. लागू असेल तिथं 1, नसेल तिथं 0. एकाच चौकटीत ‘मराठी, कन्नड’ असं लिहाल आणि दुसरा ‘कन्नड, मराठी’ लिहील, तर पिव्हट तक्ता त्या दोन निराळ्या भाषा समजून मोजेल. यंत्राला आपली खिचडी कळत नाही.

गावाच्या नावाचंही तसंच. कोणी मादन हिप्परगा लिहील, कोणी जोडून मादनहिप्परगा, कोणी हिप्परगी. आपण बसलोय त्या एका गावाची तीन गावं होतील. 2014मध्ये गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं, तेव्हा जिल्हेही दोन निघतील. जनगणनेनं प्रत्येक खेड्याला सहा आकडी क्रमांक दिलाय, तो प्रत्येक ओळीत घाला. नाव मग हवं तसं लिहा. सीएसव्ही फाइल थेट दोनदा क्लिक करून उघडलीत तर देवनागरीच्या जागी चित्रविचित्र अक्षरं येऊ शकतात. घाबरू नका, मजकूर शाबूत असतो. डेटा आयात करण्याच्या मार्गानं जा आणि यूटीएफ-8 निवडा. मूळ फाइलची एक प्रत मात्र बाजूला ठेवा, तिला कोणी हात लावायचा नाही.

राहिला प्रश्न वर्ग कोणी लावायचे. एकट्यानं नको. पहिली पन्नास उत्तरं दोघांनी एकमेकांचं न बघता लावावीत, मग ताडून बघावीत. त्यांतला एक कन्नड घरातला असावा. जिथं दोघांचं जुळणार नाही, तिथं भांडा, काय ठरलं ते वेगळ्या पानावर लिहून ठेवा आणि मगच एक्कावन्नावं उत्तर उघडा. तांड्यांवर जाल तेव्हा लमाणी बोलणारी मुलगी सोबत न्या. प्रश्न तिला विचारू द्या, आणि उत्तर तिच्याच शब्दांत लिहून घ्या.