आदित्यची नाजूक वाट

सूर्याकडे थेट पाहू नका. ते काम 'आदित्य-एल१' करतंय. पुण्याच्या 'आयुका' संस्थेची 'सूट' दुर्बीण घेऊन हे यान पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवरच्या 'एल१' बिंदूभोवती साधारण 178 दिवसांत एक फेरी मारतं. गणितातली ही कक्षा मोठी गमतीची: चित्रफीत उलटी फिरवून आरशात पाहिली, तरी वाट तीच! सूर्यप्रकाशाचा सततचा दाब ही सममिती मोडत नाही. कक्षा जराशी सरकते, पण टिकते. यानाचं मात्र तसं नाही. वाटेवरून ढळण्यातली बारीकशी चूक साधारण 23 दिवसांत पावणेतीनपट होते. म्हणून 2024 मध्ये 22 फेब्रुवारी, 7 जून आणि 2 जुलैला यानाला हलकेच ढकलून वाटेवर ठेवलं, तेव्हा कुठे पहिली फेरी पुरी झाली.