यांच्या पाठीचे दुखणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. या व्यासपीठावर मी आजवर आले ती सतरंज्या घालायला. तेव्हा चुकले तर सांभाळून घ्या. "यांच्या पाठीच्या वेळी तुम्ही काय केलेत?" असे आळीतल्या चौघी-पाचजणींनी विचारले, तेवढेच सांगते.

आमचे हे धान्याच्या पेढीवर टेम्पो चालवीत. हमाल आला नाही तर पोतीही उतरवीत. २०२१ च्या पावसाळ्यात कंबर धरली. आम्ही उसण समजलो. शेकले, तेल चोळले. पुढे कळ पोटरीपर्यंत उतरू लागली. शंभर पावले चालले की थांबून वाकायचे, वाकले की बरे वाटे. सायकल मात्र चालवता येई, याचे मला नवल वाटायचे. वाकल्याने मणक्यातली शिरांची वाट जरा मोकळी होते, हे मागाहून कळले.

मिरजेला गेलो. तिथे वानलेससाहेबांनी १८९४ साली दवाखाना काढला, तेव्हापासून आपल्या भागातली मोठी दुखणी तिकडेच जातात. एका डॉक्टरांनी एमआरआय पाहिला, मणके झिजलेत म्हणाले, लगेच शस्त्रक्रिया करून स्क्रू घालू म्हणाले, आणि खर्चाचा आकडा चिठ्ठीवर लिहून दिला. माझ्या पाटल्या मोडूनही तो पुरला नसता.

घरी सभाच भरली. सासूबाई म्हणाल्या, "मणक्याला सुरी लागली की माणूस उठत नाही." भावजींना पाठीवर पाय देणारा एक हाडवैद्य ठाऊक होता. हे गप्प. रात्री म्हणाले, "तूच ठरव. मला भीती वाटते." भगिनींनो, वीस वर्षे घरातले मीठमिरची मी ठरवत आले. पण नवऱ्याची पाठ ठरवायची म्हणजे काय, ते त्या रात्री कळले. झोप लागली नाही.

सकाळी लेकीच्या वहीत सहा प्रश्न लिहिले आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी यांना टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावले. फोटो मग पाहिला. म्हणाले, अशी झीज न दुखणाऱ्या माणसांतही दिसते, नुसत्या फोटोवरून ठरवू नये. शस्त्रक्रियेने पायाची कळ बहुधा कमी होते, कंबरदुखी राहूही शकते. इंजेक्शनाचा आराम थोड्या दिवसांचा. अंथरुणावर पडून राहू नये, आणि पाठ कुणाकडून तुडवून तर मुळीच घेऊ नये. पण पावलातली ताकद गेली, बसायच्या जागी बधिरता आली, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर रात्र असो की पहाट, ताबडतोब यायचे.

शेवटचा प्रश्न विचारताना मला लाज वाटली. "आज नको म्हटले आणि पुढे पाय गेला, तर दोष माझा का?" ते म्हणाले, "ताकद आहे तोवर थांबण्यात दोष नाही. ताकद गेल्यावर थांबू नका."

आम्ही थांबलो. टेम्पो सुटला. मी चपात्यांची कामे धरली, यांनी व्यायाम धरला. भावजी दोन महिने बोलले नाहीत. दीड वर्ष बरे गेले.

मग २०२३ च्या मार्गशीर्षात बाजारातून येताना यांची डावी चप्पल मागे राहिली आणि यांना पत्ताच नाही! मी ती उचलली आणि मला धस्स झाले. त्या वेळी सभा भरवली नाही. तशीच मिरजेची गाडी धरली. शिरेवर दाबणारे हाड तेवढे काढले, स्क्रू लागले नाहीत. पाटल्या गहाण पडल्या, आणि आपल्या भिशीतल्या एका भगिनीने आपला नंबर मला दिला. तिचे नाव घेऊ नको असे तिने बजावले आहे.

पायाची कळ गेली. कंबर अजून दुखते, थंडीत जास्त. डावे पाऊल पूर्ण आले नाही, म्हणून पट्ट्याची सँडल घालतात. आता पेढीवर हिशेब लिहायला बसतात. माझी पाठ वळली की पाण्याची घागर उचलतात, आणि मग आमचे भांडण शेजारी ऐकतात.

प्रश्नांची वही माझ्याकडे आहे. कुणाला हवी असेल तर घरी या. दुपारी तीननंतर मी मोकळी असते.